पिराजीची 'गिऱ्हाईक टिकवा' योजना

निंबगावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण किराणा दुकान त्यांतल्या एकाचंच होतं. त्याचं नाव पिराजी.

दुकान खरं तर त्याच्या बायकोचं, सगुणाचं. तिला ते वडिलांकडून मिळालेलं. यंदा समोरच एक मार्ट उघडलं. आत थंडगार हवा, सामानाला ढकलगाडी आणि प्रत्येकाला चकचकीत कार्ड. अख्खं गाव तिकडे वळलं. पिराजीकडे माशा तेवढ्या उरल्या, त्याही गुळासाठी.

सगुणा म्हणाली, "दसऱ्यापर्यंत वाट बघते. गिऱ्हाईक परत आलं नाही, तर गाळा मोबाईलवाल्या बागडेंना देऊन टाकणार. मग बसा पारावर."

पिराजी घाबरला. दुकानदारीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. दुकानदारीही येत नव्हती, पण दुकानात निदान बसता यायचं.

सगुणानं आपल्या भावाला, हर्षलला बोलावलं. तो शहरात मार्केटिंग शिकलेला. त्यानं पिशवीभर कार्डं आणि एक शिक्का आणला.

"दाजी, गिऱ्हाईक आलं की कार्ड द्यायचं. प्रत्येक खरेदीला एक शिक्का. पाच शिक्के झाले की सहाव्या वेळी सामान फुकट. आणि जाताना हसून म्हणायचं, लवकर या परत!"

"समजलं," पिराजी म्हणाला.

त्याला सांगितलेलं सगळं समजायचं आणि लक्षातही राहायचं. पंचाईत तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सदूतात्या आले. डोळे लाल. "पिराजी, आई गेली रे रात्री. कोरं कापड दे, मडकं दे, सुतळी दे."

पिराजीनं सामान दिलं. कार्ड काढलं, शिक्का मारला आणि छान हसला. "तात्या, एक झाला. अजून चार. तुमचं घर मोठं आहे, वर्षभरात होतील. लवकर या परत!"

मडकं स्मशानात फुटायचं, ते दुकानातच फुटलं.

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, अशा वेळी कार्ड काढतात का? मान खाली घालायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, फार वाईट झालं. आता धीर धरा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

"समजलं."

संध्याकाळी केरबा पाटील आले. अंगावर नवा कोरा सदरा, हातात भली मोठी यादी. "पिराजी, थोरल्याचं लग्न ठरलं! हळद काढ, नारळ काढ, मुंडावळ्या काढ!"

पिराजीनं मान खाली घातली, हात जोडले. "फार वाईट झालं, पाटील. पोरगं चांगलं होतं. आता धीर धरा."

"काय म्हणालास?"

"आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

पाटलांनी यादी ओढून घेतली आणि तडक मार्टात शिरले. तिथं त्यांनी ढकलगाड्या भरभरून सामान नेलं.

हर्षलनं डोकं धरलं. "दाजी, घरात काही नवीन झालं की आनंद दाखवायचा! पेढा द्यायचा. मोठ्यानं, चारचौघांत म्हणायचं, अभिनंदन! तुमच्याकडे अशीच भर पडत राहो!"

"समजलं."

आठवडी बाजाराच्या दिवशी मालूवहिनी आल्या. इकडं तिकडं बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. औषध आहे का?"

पिराजी ताडकन उठला. "अभिनंदन!" सगळा बाजार थांबला. "मालूवहिनींकडं उवा झाल्यात! पेढे घ्या मंडळी! वहिनी, तुमच्याकडे अशीच भर पडत राहो!"

मालूवहिनींनी औषध घेतलं नाही. पेढाही घेतला नाही. पिराजीच्या अंगावर पिशवी तेवढी भिरकावली.

आता सगुणा त्याच्या समोर येऊन बसली. "दसरा आठवड्यावर आलाय. हे शेवटचं सांगतेय, नीट ऐका. गिऱ्हाइकाची गोष्ट गुपित ठेवायची. सामान कागदात गुंडाळायचं, मागच्या दारानं द्यायचं. आणि कुणीही विचारलं, अगदी कुणीही, तर सांगायचं, इथं कुणी आलंच नाही."

"समजलं," पिराजी म्हणाला. आणि पहिल्यांदाच गावालाही समजलं.

झालं असं की मार्टात कॅमेरा होता आणि रांगेत शेजारीण होती. सरपंचांना केसांचा कलप हवा होता. माळकरी अप्पांना अंडी हवी होती, तीही औषधापुरतीच. गुरुजींना गुटखा हवा होता. मार्टाच्या मॅनेजरलासुद्धा तिथल्यापेक्षा स्वस्त साखर हवी होती. सगळे पिराजीच्या मागच्या दाराशी येऊ लागले, आणि एकदा आलेला पुन्हा पुन्हा येऊ लागला. मालूवहिनी आल्या. सदूतात्यासुद्धा आले. पिराजी बोलत काहीच नसे, नुसतं गुंडाळून देई. पैसेही तो गुपित म्हणून डाळीच्या डब्यात ठेवी.

दसऱ्याच्या सकाळी सगुणा, हर्षल आणि बागडे पुढच्या दारानं आले. दुकान रिकामं. गल्ला रिकामा.

सगुणानं गल्ला पुन्हा एकदा उघडून पाहिला. "अहो, खरं सांगा. माझ्या वडिलांचं दुकान आहे हे. आठवड्यात एकतरी गिऱ्हाईक आलं का?"

"इथं कुणी आलंच नाही," पिराजी म्हणाला.

"एकही?"

"अगदी कुणीही."

तेवढ्यात परसातून कुणीतरी ओरडलं, "पिराजी, अंडी आटप की रे, सणाला उशीर होतोय!"

"कोण आहे मागं?" हर्षलनं विचारलं.

"वारा," पिराजी म्हणाला.

सगुणानं डोळे पुसले, बागडेंनी आणलेल्या गाळ्याच्या कागदावर सही केली आणि किल्ली पिराजीच्या हातात दिली. "तुम्हीच द्या. माझा हात धजत नाही."

पिराजीनं किल्ली नीट कागदात गुंडाळली आणि बागडेंना खांद्याला धरून मागच्या दारानं बाहेर नेलं. परसात पार ओढ्यापर्यंत रांग लागली होती.

बागडे बघतच राहिले. "पिराजीराव, हे एवढं गाव इथं कशाला जमलंय?"

पिराजीनं रांगेवरून एकवार नजर फिरवली, पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, "कुठलं गाव? आणि काळजी करू नका, शेठ. तुम्ही दुकान घेतलंत, हेसुद्धा मी कुणाला सांगणार नाही."