मांजराच्या पिल्लाचा नैवेद्य

"बुवा, आता ह्याला आणखी शुद्ध काय घालू?"

वामनच्या हातात वाटी. वाटीत दूधभात, वर तुपाची धार.

पिल्लू मठात आलं तेच आईविना. वामननं पोटच्या पोरासारखं सांभाळलं. गाईचं दूध झालं, आंबेमोहर भात झाला, केळंसुद्धा झालं... पिल्लाचे ढाळ थांबेनात. आज तर उठून उभंही राहीना.

भिकोबाबुवा म्हणाले, "अरे, मांजर ते. मासळी घाल."

"मी? गळ्यात तुळशीची माळ आहे, बुवा! आणि सात्त्विक खाल्लं तर त्याचंही कल्याणच होईल की."

"हो का..."

बुवा मान डोलवत गोठ्याकडे गेले.

दुपारी वामन जेवायला बसला. बघतो तर केळीच्या पानावर हिरवंगार गवत! धुतलेलं, निवडलेलं, वर तुळशीचं पान.

"हे काय?"

"गाईला विचारून वाढलंय. ती म्हणते, ह्याहून सात्त्विक जगात काही नाही. घे, लाजू नकोस."

वामनच्या पोटात कावळे कोकलत होते. तो गवताकडे बघत राहिला. मग कोपऱ्यातल्या पिल्लाकडे...

उठलाच. नाकाला उपरणं लावून बंदरावर गेला, तोंड फिरवून पिशवी पुढे धरली. "घाला काहीतरी."

मठात परतल्यावर बुवांनी पिशवी हुंगली. "शिळी आहे. माळ बघून तुझ्या गळ्यात मारली."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"शाळिग्राम घेताना दिवसभर दुकानदाराचा जीव खाल्लास. उलटा कर, सुलटा कर, उजेडात धर. तसंच बघ. कल्ला उचल, आत लाल आहे का ते बघ. पोट दाबून बघ. वास घे."

"वास?"

"नाक कशाला दिलंय? मुरडायला?"

वामन परत गेला. ह्या खेपेला उपरणं खांद्यावर.

"अगो बाय!" कोळीण शेजारणीला म्हणाली, "माळवाला कल्ले उघडतोय बघ!"

वामनचे कान तापले. पण हात थांबला नाही. एक बांगडा बाजूला टाकला, दुसरा टाकला, तिसरा घेतला.

मासा उकडून, काटान् काटा काढून त्यानं बोटानं भरवला. पिल्लानं आधी हुंगलं. मग मान वर केली. मग असं काही गुरगुरलं, जसा मठ त्याच्याच बापाचा! खाऊन झालं, वामनची बोटं चाटून झाली, आणि स्वारी त्याच्या धोतराच्या सोग्यावर आडवी.

दिवेलागण झाली. वामननं सोगा हळूच सोडवला. हात राखेनं धुतले, लिंबानं धुतले. वास काही जाईना.

तो देवघराच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बुवा... ह्या हातांनी देवाला कसा शिवू?"

बुवांनी फुलांची परडी त्याच्याच पुढे सरकवली.

"वामनपंत... मासे घडवून झाल्यावर देवानं हात कशानं धुतले असतील रे?"