दोन पोहऱ्यांची विहीर

एका माळावर पाण्याची एकच विहीर होती आणि तिच्यावर एकच रहाट. रहाटावरून एक लांब दोर जाई. त्याच्या एका टोकाला मेंढ्यांचा पोहरा, दुसऱ्या टोकाला शेळ्यांचा. मेंढ्या आपला रिकामा पोहरा खाली ओढत, तेव्हा शेळ्यांचा भरलेला वर येई. मग शेळ्या ओढत आणि मेंढ्यांचा येई. मेंढ्या चंद्रकोर पाहून उपास धरत, शेळ्या घंटा ऐकून प्रार्थनेला जमत. उपासाच्या महिन्यात मेंढ्या थकलेल्या असत, म्हणून सूर्य मावळायच्या आत त्यांची पाणी प्यायची डोणी भरून ठेवायचा शेळ्यांचा रिवाज होता. शेळ्यांच्या सणाला मेंढ्याही तेच करत, आणि यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

मग टेकाडावर दोन पुढारी उभे राहिले. एडका मेंढ्यांना म्हणाला, "डोळे उघडून बघा जरा. त्यांचा पोहरा वर जातो, तेव्हा आपला खाली जातो. दर वेळी. याला काय म्हणायचं?" बोकडानं शेळ्यांना अगदी हेच सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते चटकन गळी उतरलं. संध्याकाळी दोघेही टेकाडामागच्या झऱ्यावर गुपचूप जात आणि ओल्या तोंडानं परत येत.

मेंढ्यांनी आपला पोहरा वरच खुंट्याला करकचून बांधला. तो उन्हात झळकू लागला, आतून ठणठणीत कोरडा. शेळ्यांचा भरलेला पोहरा तळाशी अडकला. शेळ्यांनी शिंगं परजली. दोन्हीकडच्या डोण्या सुकल्या.

भुरी नावाच्या मेंढीला नुकतंच कोकरू झालं होतं. पाण्याविना तिला दूध उतरेना. कोकरू मान टाकू लागलं, तशी ती भर दुपारी उठली आणि खुंट्याची गाठ दातांनी सोडू लागली.

"अगं बये, त्यांचा पोहरा वर येईल ना," तिची जाऊ करवादली.

"येऊ दे. त्याबिगर माझा खाली कसा जायचा?"

भुरीनं जीव खाऊन दोर ओढला. पलीकडे तांबू शेळी उभी होती. उपासाच्या दिवसांत भुरीची डोणी भरायची ती हीच. तिनं वर आलेला पोहरा धरला.

"आता बांधून टाका," बोकड टेकाडावरून गरजला. "आयते सापडलेत. त्यांचा राहू दे तळाशी."

शेळ्या थबकल्या. भुरी कठड्याशी धापा टाकत तांबूकडे बघत राहिली. तिच्या हातात आता काहीच नव्हतं.

तांबूच्या घशालाही कोरड पडली होती. तिनं पोहरा डोणीत उपडा केला आणि पाण्याला तोंड न लावताच दोर धरला.

"ए भुरे," ती म्हणाली, "डोणी पुसून ठेव तुझी. धूळ बसली असेल."

एकेक शेळी येऊन तिच्यामागं दोराला लागली. बोकड ओरडत होता, एडकाही. पण इतके दिवस बंद पडलेला रहाट असा करकरला की टेकाडावरचं काही ऐकूच येईना. विहिरीच्या मध्यावर वर येणारा भरला पोहरा खाली जाणाऱ्या रिकाम्याला घासला, हिंदकळला, आणि त्यातलं थोडं पाणी रिकाम्यात सांडलं.