कांदळाच्या आगीवरचा चुना

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा समुद्र गोड होता असं सांगणारे भेटतील, त्यांचं मुळीच ऐकू नका. समुद्र तेव्हाही खारटच होता, आणि म्हणूनच खाडीकाठच्या त्या गावाला आपल्या एकुलत्या एका गोड्या विहिरीचं फार अप्रूप होतं.

विहीर आणि खाडी यांच्यामध्ये चिखलात पाय रोवून कांदळाचं रान उभं होतं. एका वर्षी उधाणाचं पाणी त्या रानातून विहिरीपासून वीस पावलांवर आलं, आणि गावाचं धाबं दणाणलं. विहीर खारट झाली तर गाव उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गावात एक गवंडी होता. हातात कसब होतं, आणि ते आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याने गावाला शब्द दिला, की अशी भिंत बांधीन, समुद्र डोकं आपटून परत जाईल.

भिंतीला चुना हवा. चुन्यासाठी शिंपले भाजायला हवेत. भट्टीला लाकूड हवं, आणि कांदळाचं लाकूड जळतं झकास. कुऱ्हाडी चालू लागल्या.

त्या झाडांच्या मुळांवरची कालवं काढून पोट भरणारी एक म्हातारी होती. ती भट्टीपाशी येऊन उभी राहिली.

"भिंतच बांधतस ना? मग उभी आसलेली भिंत कित्याक जाळतस?"

गवंड्याला हसू आलं. "आजये, ह्या झाडांतून पाणी आरपार येता. माझ्या भिंतीतून थेंब येवचो नाय."

"पाणी येता रे बाबा. पण तेचो जोर थयच, मुळांत रवता."

गवंड्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भिंत झाली, गावाने त्याचा मान केला. पण पुढच्या पावसाळ्यात लाटा थेट भिंतीवर आदळल्या आणि पायाखालचा चिखल घेऊन गेल्या. भिंतीला तडे गेले. तडे बुजवायला चुना हवा. पुन्हा भट्टी, पुन्हा कांदळ. तिसऱ्या वर्षी शेवटचं झाड जळलं, आणि त्या चुन्याने गवंड्याने शेवटचा तडा अगदी मायेने बुजवला.

त्या वर्षीच्या उधाणात भिंतीचा एक दगडही निखळला नाही. अख्खी भिंतच आडवी झाली, कारण तिच्याखाली जमीनच उरली नव्हती.

सकाळी गवंड्याने विहिरीचं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्याला रडू आलं. दगड चुकला असता तर त्याने सोसलं असतं, इथे अक्कलच चुकली होती.

एकेक घर उठून डोंगरापलीकडे गेलं. गवंडी मात्र म्हातारीमागून चिखलात उतरला आणि भरतीने दुसरीकडून वाहून आणलेल्या कांदळाच्या लांब शेंगा रोवू लागला. विहीर पुन्हा गोड कधी होईल, असं त्याने तिला विचारलं.

"होतली," ती म्हणाली. "पण ता पाणी पिवक तू रवचस नाय."

गवंड्याने मान हलवली आणि पुढची शेंग हातात घेतली.

तात्पर्य: राखणदारालाच चुलीत घातलं, तर घर राखायला कुणी उरत नाही.