रंगाऱ्याने स्वतःचे केस रंगवले त्याची गोष्ट

मंडळी, आधी एक सांगा. आपलं काही बिघडलं, तर ते कोणाच्या हाती द्यावं? "काळजी सोडा, आत्ता करून देतो," म्हणणाऱ्याच्या, की हातही न लावता आधी दहा प्रश्न विचारणाऱ्याच्या? उत्तराची घाई करू नका. आधी एका रंगाऱ्याच्या डोक्याकडे पाहा.

विणकरांच्या एका गावात एक रंगारी राहत होता. लाल, केशरी, डाळिंबी असे रंग त्याच्याच हातचे घ्यावेत, अशी त्याची ख्याती. त्या गावात रंगपारख्याचं एक आसन असे. कापडाच्या रंगावरून विणकराचं आणि गिऱ्हाइकाचं वाजलं, की आसनावरचा माणूस जे म्हणेल ते दोघांनी मुकाट्याने मानायचं. म्हातारा रंगपारखी वारला आणि आसन रिकामं झालं. जत्रेच्या दिवशी पंच नवा माणूस नेमणार होते.

रंगाऱ्याला ते आसन मनापासून हवं होतं. तीस वर्षं त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. पण बाजारात त्याने एक कुजबुज ऐकली. "माणूस चांगला हो, पण केस पिकले. डोळे तरी किती दिवस साथ देणार?"

झालं! जत्रेला आठ दिवस उरले असताना रंगाऱ्याने ठरवलं, केस रंगवायचे. अगदी काळेभोर नाहीत, चिंचोक्यासारखे तपकिरी. कोणाला संशय यायला नको.

त्याने मेंदी लावली, धुतली, वर निळीच्या पाल्याचा लेप दिला. धुऊन आरशात पाहतो तर केस हिरवट, फिकट. "हे काय, रंग धरलाच नाही," म्हणून त्याने दुसरा लेप दिला. मग तिसरा. आता ओले केस बरेच गडद दिसत होते, पण त्याला चिंता वाटली नाही. ओलं कापड गडद दिसतं आणि वाळलं की दोन पायऱ्या उतरतं, हे त्याला शाळकरी पोराच्या पाढ्यासारखं पाठ होतं.

आता गंमत पाहा. त्याचं सगळं आयुष्य लाल रंगात गेलेलं. केसांवरची नीळ धुतल्यावरसुद्धा दोन दिवस वाऱ्यावर गडद होत जाते, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगंबाई! मला वाटलं, डोक्यावर कावळा येऊन बसलाय."

"थट्टा पुरे. फार काळे झालेत का?"

"काळे? निळी झाक मारतायत. अहो, त्या निळारणीला विचारा ना. कोपरापर्यंत हात निळे आहेत तिचे, तिला कळेल."

निळारीण म्हणजे गावाच्या टोकाला निळीची कुंडं चालवणारी एक बाई. पण रंगारी उसळलाच. "तिला? अगं, त्या आसनासाठी तीही उभी आहे. आपल्या हाताने तिच्या हातात काठी देऊ?"

तेवढ्यात गल्लीतून बाटल्यांची पेटी घेऊन एक फेरीवाला चालला होता. त्याने रंगाऱ्याचं डोकं पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता बाटली पुढे केली. "काळजी सोडा मालक! एका धुण्यात जुना रंग परत."

बाटलीत लिंबू होतं, खार होता, आणखी काय होतं कोण जाणे. धुतल्यावर केस खराट्यासारखे राठ झाले आणि जागोजागी शेवाळ्यासारखे हिरवे डाग उमटले. फेरीवाला तोवर पुढच्या गावाला पोचला होता.

शेवटी फेटा घट्ट बांधून रंगारी निळारणीकडे गेला. तिने फेटा उतरवायला लावला. हसू आलं असेल तर तिने ते गिळलं.

"दादा, काय काय लावलंत?"

"मेंदी, मग नीळ."

"नीळ किती वेळा?"

आता तीस वर्षांचा रंगारी कसं सांगणार, की मी तीनदा फासली? "एकदा," तो म्हणाला.

"वर आणखी काही?"

"छे, काही नाही."

मंडळी, कापडाच्या धंद्यात हे मी फार पाहिलंय. आटलेलं धोतर घेऊन गिऱ्हाईक येतं आणि शपथेवर सांगतं, "पाण्यात घातलंच नाही हो!" आणि काठाला साबणाचा वास येत असतो.

निळारीण त्याच्या सांगण्यावर चालली. तिने कोमट तिळाच्या तेलाची वाटी दिली. "एका लेपाला एक दिवस पुरे. मुळापासून टोकापर्यंत चोळा, वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं बांधा, संध्याकाळी रिठ्याने धुवा."

त्याने तसं केलं. रंग नखभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो तणतणत परत आला. "बाई, तुमच्या तेलात दम नाही. का मी आसनावर बसू नये म्हणून असं दिलंत?"

निळारीण रागावली नाही. त्याची एक बट बोटात धरून तिने उजेडाकडे वळवली. "दादा, मी औषध केसाला दिलं नव्हतं, तुमच्या बोलण्याला दिलं होतं. तुमचं बोलणं एका लेपाचं होतं. केस काही वेगळंच सांगतायत."

रंगाऱ्याने फेटा गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "तीन. एकाच दिवसात तीन. आणि वर फेरीवाल्याचं लिंबू आणि खार."

"मग असं सांगा की! आता तीन दिवस तेल, रोज रिठा, आणि लिंबाचं नाव काढायचं नाही. आणि हेही ऐका. काळ्याचा तपकिरी होईल, पांढरा होणार नाही. पांढरा मुळातूनच येईल, त्याला महिने लागतील. डाग पडलेली टोकं तेवढी कापून टाका."

जत्रेच्या दिवशी रंगारी फेटा बांधून पंचांसमोर उभा राहिला. आतले केस तपकिरी झाले होते, पण कुठे गडद, कुठे तांबूस, कुठे कातरलेले. पंचांनी एक लुगडं पुढे ठेवलं. जांभळं हवं होतं, वांग्यासारखं काळपट झालेलं. "हे कसं सुधाराल?"

पहिला उमेदवार म्हणाला, "ताकात भिजवीन." दुसरा म्हणाला, "चुन्याची निवळी." निळारणीची पाळी अजून यायची होती. रंगाऱ्याने मात्र लुगडं आणणाऱ्या विणकरालाच विचारलं, "आधी काय लावलं होतं? कोणत्या भांड्यात? किती वेळा बुडवलं?"

"एकदाच की," विणकर पटकन म्हणाला.

रंगाऱ्याला हसू आवरेना. "अरे, मीही एकदाच म्हणालो होतो!" आणि भर सभेत त्याने फेटा उतरवला.

सभेत अशी खसखस पिकली की पंचांनाही पदराचा, उपरण्याचा आधार घ्यावा लागला. विणकराचं तोंड लुगड्याइतकं काळवंडलं. तो हळूच म्हणाला, "चारदा. आणि तेही रंग काळा पाडणाऱ्या लोखंडाच्या कढईत."

पंच खूश झाले. "खरं काढून घेणारा माणूस हवा होता, मिळाला!"

रंगाऱ्याला वाटलं, गप्प बसावं. आसन दोन हातांवर होतं. पण मग तो मान हलवून म्हणाला, "हे प्रश्न माझे नाहीत. या निळारणीचे आहेत. मी तर तिलाही खोटं सांगून बसलो होतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आसन निळारणीला दिलं.

रंगारी घरी आला. बायको म्हणाली, "गेलं ना आसन?" "गेलं," तो म्हणाला, आणि त्या रात्री जेवला नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून बिघडलेली कापडं घेऊन लोक त्याच्या दारी येऊ लागले, आणि न विचारता सांगू लागले, "दादा, दोनदा बुडवलं, वर हळद टाकली, चूक माझीच." त्याचं डोकं सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्याच्यापुढे कोणाला लाज वाटेना.

तात्पर्य एवढंच: लपवलेल्या चुकीवर चांगल्यातलं चांगलं औषधही वाया जातं. तेव्हा मंडळी, हात जोडून एक विनंती. उपाय मागायला कोणाच्याही दारी जा, पण आपण काय केलं याचा हिशेब खरा ठेवा. तीन लेप दिले असतील, तर तीनच सांगा.