कोणता ग्राइंडर घेऊ?

"मग बाबा, चार इंची घेऊ की पाच इंची?"

भार्गव पांचाळचा हा प्रश्न सकाळपासून मठाच्या ओट्यावर फिरत होता. केशवगिरी बाबा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते आणि बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होते. मी मठाचा स्वयंपाकी. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण वाल वेळेवर सोलून हवे होते, म्हणून मीही तिथेच बसलो होतो.

भार्गव बाबांचा जुना शिष्य. बाबांनी भगवी वस्त्रं घेण्याआधी लोखंडी कामाचं दुकान चालवलं होतं, तिथे तो शिकला. आता घरामागच्या पडवीत एकटाच काम करतो. त्याने केलेल्या झोपाळ्याच्या कड्या बघायला लोक लांबून येतात, आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नाही.

लोखंड कापायचा त्याचा जुना ग्राइंडर आता त्याला नको होता. कारण त्याने येता येताच सांगितलं होतं. फळीवर ठेवलेलं मशीन आपोआप सरकलं, खाली पडलं आणि त्याच्या बायकोच्या पायावर आलं. शालनच्या पावलाला टाके पडले.

एवढं सांगून तो लगेच नव्या मशीनकडे वळला. एकाला म्हणे चाक लगेच थांबवणारा ब्रेक असतो. एकाचं बटण बोट उचललं की सुटतं. एक हलका, पण ताकद कमी. अर्धा तास तो हेच सांगत होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. मी ती चहाबरोबर गिळली.

बाबांनी एक वाल सोलला.

"मशीन चालू होतं?"

"छे! बंद करूनच ठेवलं होतं मी."

"चाक थांबलं होतं?"

"ते थांबतंच की थोड्या वेळानं... सगळे असंच ठेवतात, बाबा. बटण बंद केलं की खाली. नाहीतर काम उरकायचं कधी?"

बाबांनी शालन काय म्हणते ते विचारलं.

ती काहीच म्हणत नाही, असं भार्गवने सांगितलं. भांडली नाही, रडली नाही. पाय बरा झाला. पण कड्यांना रंग द्यायला ती रोज पडवीत यायची, ती आता येत नाही. चहा उंबऱ्यावर ठेवते आणि जाते.

"ती परत यायला हवी, बाबा. तिच्याशिवाय त्या पडवीत मला करमत नाही. म्हणून तर चांगलं मशीन हवं. तुम्ही सांगाल ते घेतो."

एवढं बोलून तो खाली बघत राहिला. मला त्याचा राग येत होता, तो तिथे थोडा ओसरला.

बाबांनी मला आतून मठाचा ग्राइंडर आणायला सांगितला. गोठ्याच्या फाटकाची कडी गंजून धरली होती, ती फाटकातून काढून ओट्यावरच पडली होती. भार्गवने ती कापावी, असं त्यांनी म्हटलं.

भार्गव खुलला. हे त्याचं राज्य. त्याने चष्मा लावला, कडी पायाखाली दाबली आणि ठिणग्यांची एक सरळ रेघ ओट्याबाहेर सोडली. कापही असा, की सुरीने लोणी कापावं. खोटं कशाला बोलू, हात सुंदर आहे त्याचा.

त्याने बटण बंद केलं, मशीन ओट्याच्या फरशीवर ठेवलं आणि कडीचा तुकडा उचलून बाबांना दाखवू लागला. मठाचं हे मशीनही थरथरतं, याच्यापेक्षा पाच इंची बरा, असं काहीतरी तो सांगत होता.

चाक फिरतच होतं. त्याची कड फरशीला लागली आणि मशीन पुढे सरकू लागलं. खरखरत, उड्या मारत ते सरळ बाबांच्या उघड्या पावलाकडे निघालं.

माझा चहा सांडला.

बाबांनी पाहिलं. पाय हलवला नाही. हातातला वाल सोलत राहिले.

"बाबा, पाय!"

भार्गवने कडी टाकली आणि अंग झोकून दिलं. मशीनची मूठ त्याच्या हाताला लागली तेव्हा पाऊल वीतभर अंतरावर होतं. त्याने मशीन उचललं, छातीपासून लांब धरलं, आणि गुडघ्यांवर तसाच बसून राहिला.

चाक फिरत होतं... घरघर कमी होत गेली... मग नुसती सळसळ... मग तीही नाही.

चाक थांबलं. तरी त्याने मशीन खाली ठेवलं नाही.

"पाय का नाही घेतलात मागे?" तो जवळजवळ रडतच म्हणाला.

"शालनने घेतला होता?"

शालन पडवीत भार्गवकडे पाठ करून रंग देत बसायची, हे मला पुढे कधीतरी कळलं. नवरा मागे काम करत असताना कशाला वळून बघेल ती?

भार्गवने चाकाला बोट लावून पाहिलं. मग दोन्ही हातांनी मशीन खाली ठेवलं, लहान मूल झोळीत ठेवावं तसं. बाबांच्या पायांवर डोकं टेकलं आणि उठला. इंचांचं काही विचारलं नाही. ब्रेकचंही नाही.

तो मठाच्या फाटकापाशी पोचला, तेव्हा बाबांनी सोललेल्या वालांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि त्याला हाक मारली.

"भार्गव, आता कोणताही घे."