साळू तेलिणीचं उष्टं

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका, कारण बोरटेंभीत ते कोणालाच ठाऊक नाही. जुनी माणसं एवढंच सांगतात, की तेव्हा बालाघाटावर चढायला सडक नव्हती, बैलगाडीची वाट होती, आणि ती वाट उतरताना गाडीवान देवाचं नाव घ्यायचा. त्या घाटाच्या डोक्यावर बोरटेंभी, आणि बोरटेंभीत भिवाजी तेल्याचा घाणा. भिवाजीची बायको साळू. पुढं सगळा मुलूख तिला साळूमाय म्हणायला लागला, पण तेव्हा ती नुसती साळू तेलीण होती, आणि कामाला निघालेल्या माणसाला ती आडवी आली तर तो माघारी वळून घरी जाऊन पाणी पिऊन यायचा. तेली समोर आला की अपशकुन, असं म्हणायचे. त्याच तेल्याच्या तेलावाचून कोणाच्या घरी फोडणी पडत नव्हती आणि देवापुढं दिवा लागत नव्हता, पण ते कोणी म्हणायचं नाही.

भिवाजी माळकरी होता. बापानं मरताना आपल्या गळ्यातली तुळशीची माळ त्याच्या गळ्यात घातली आणि कबूल करून घेतलं, की मांस, दारू, गांजा, भांग, यांतलं काही म्हणून तोंडात जाणार नाही. भिवाजीनं ते पाळलं. मग एक दिवस घाण्याची लाट निसटली आणि हा एवढा जड लाकडाचा ओंडका त्याच्या कमरेवर बसला. हाडं कशीबशी जुळली, पण दुखणं राहिलं. दिवसा तो दात आवळून पडायचा, रात्री ओरडायचा. लेप झाले, शेक झाले, हळदीचं दूध झालं. अन्न सुटलं. शेवटी तो साळूला म्हणाला, की मला आडाच्या काठापर्यंत तेवढं नेऊन सोड, पुढचं मी बघतो. साळूनं ते ऐकलं, बैलाला वैरण टाकायचं निमित्त केलं आणि गोठ्यात जाऊन रडली.

गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात मोतीगीर नावाचा गोसावी राहायचा. देवळामागं भांग आपसूक उगवायची आणि मोतीगीर ती घोटून प्यायचा. त्याचा एक पाय जन्माचा वाकडा होता, पण तो दुखतो असं त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. तो आपण होऊन भिवाजीच्या बाजेपाशी आला आणि म्हणाला, घोटभर घे, झोप लागेल.

भिवाजीनं गळ्यातली माळ मुठीत धरली. "मेलो तरी चालंल," तो म्हणाला, "पर बापाला दिलेला शबूद मोडायचा न्हाई."

मोतीगीर उठून गेला. साळू त्याच्या मागोमाग गेली आणि पदरात पाला बांधून घरी आली. शब्द भिवाजीनं दिला होता, तिनं नव्हता दिला, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस जगवायचा असला की बाई असले हिशेब पटकन करते.

आधी तिनं पाला पाण्यात उकळला आणि ते पाणी आमटीत घातलं. काही झालं नाही. भिवाजी रात्रभर ओरडला. मग तिच्या ध्यानात आलं, की पाण्याला जे सुटत नाही ते तेलाला सुटतं. तेलिणीला हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. तिनं पाला करडईच्या तेलात टाकून कढवला, तर तेल करपलं आणि घरभर धूर झाला. पुढच्या खेपेला तिनं पाला सावलीत वाळवला, तीळ भाजतात तसा खापरावर मंद भाजला, तेलाचं भांडं उकळत्या पाण्याच्या हंड्यात बसवलं आणि खाली एकेक गोवरी सारत दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी तेल हिरवंगार झालं. ते फडक्यातून गाळून तिनं त्याची वांग्याच्या भाजीला फोडणी दिली, वर लसूण जरा जास्तच टाकला आणि ताट नवऱ्यापुढं ठेवलं.

जेवण झालं तरी भिवाजी कण्हतच होता. साळूनं भांडी घासली, बैलाला पेंड चारली, तरी तो कण्हतच होता. हेही फुकट गेलं म्हणून ती चुलीपाशी बसली, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, की साळू, माझे पाय लांब गेल्यासारखे वाटत्यात. दुखतंय, पर ते तिकडं लांब दुखतंय. आणि भिवाजी झोपला. त्या दिवशी साळूला कळलं, की हे तेल सावकाश चढतं. पोटात गेलं की कितीतरी वेळ माणूस जसाच्या तसा असतो, आणि मग ते एकदम अंगात शिरून बसतं. एकदा तिनं मायेपोटी तेल थोडं जास्त घातलं, तर भिवाजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेलेल्या आईशी बोलत होता. तेव्हापासून ती मोजके थेंब घालू लागली.

असं म्हणतात, की त्या तेलावर भिवाजी उठून बसायला लागला, काठीच्या आधारानं अंगणात यायला लागला, भजनातही जायला लागला. तो चारचौघांत सांगायचा, की माझ्या साळूच्या हाताला गुण आहे, तिच्या साध्या फोडणीनं मी जगलो. साळू खाली मान घालून ऐकायची. झाकली मूठ होती ती, आणि तिनं ती झाकूनच ठेवली. वर्षाचं तेल ती एकदाच करायची आणि एका बुधल्यात भरून भिंतीतल्या देवळीत ठेवायची.

मग रंगराव पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. घाटाखालचं वऱ्हाड, मोठी मंडळी. गाड्या भरून पोरंबाळं, म्हातारेकोतारे आले होते, आणि जेवण आटोपून दिवस मावळायच्या आत त्यांना घाट उतरायचा होता. लग्नाचं तेल घाण्यावरून गेलं. साळू पाटलांच्या दारी तांदूळ निवडायला बसली आणि भिवाजी घरी होता. पुऱ्या तळून होता होता तेल संपलं. आचारी हणमंतानं पाटलांच्या गड्याला तेल्याच्या घरी पिटाळलं. भिवाजीनं घरात पाहिलं, तर साधं तेल तळाला गेलेलं. देवळीत बुधला मात्र भरलेला. ज्या तेलानं आपल्याला जगवलं, तेच पाटलांच्या लेकीच्या लग्नाला जावं, असं त्याच्या भोळ्या मनात आलं. त्यानं आख्खा बुधला दिला, वर निरोप दिला, की घरातलं सगळ्यात चांगलं तेल आहे, हेच वापरा. आणि स्वतःही काठी टेकत मांडवात येऊन भजनी मंडळींत बसला.

साळूनं मान वर केली तेव्हा हणमंता रिकामा बुधला जमिनीवर ठेवत होता. वांग्याची भाजी कढईत रटरटत होती. तिनं बुधला ओळखला आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. इथंच तर घोडं पेंड खात होतं. भिवाजी दहा हातांवर बसला होता, गळ्यात माळ होती. भाजीत भांग आहे म्हटलं, की ती बुधल्यात कशी आली, हा दुसरा प्रश्न, आणि रोज कोणाच्या पोटात जात होती, हा तिसरा. भिवाजीला ते कळलं असतं तर त्यानं त्या तेलाचा थेंब पुन्हा तोंडात घेतला नसता, आणि मग आडाचा काठ होताच. तुम्ही म्हणाल, कढई उलथून द्यायची. ती कढई चार गड्यांनी उचलायची होती आणि जाळाच्या चरावर बसवलेली होती. साळूनं हणमंताला सांगून पाहिलं, की भाजीत पाल पडलेली मी पाहिली. हणमंतानं भाजी तळापासून ढवळली, पाल काही सापडली नाही, आणि बायकांना दिवसाही पाली दिसतात म्हणून तो हसला. पानं मांडली गेली. वऱ्हाडी बसले. साळूला डोळ्यांपुढं घाट दिसला, उतारावरच्या गाड्या दिसल्या, आणि हातातला कासरा सोडून हसत बसलेले गाडीवान दिसले.

मग तिनं ते केलं. भरल्या मांडवात, नवरदेवाच्या आधी, पंगतीच्या आधी, ती कढईपाशी गेली, डाव भरून भाजी घेतली, तोंडाला लावून खाल्ली आणि तोच उष्टा डाव परत कढईत बुडवला.

तेलिणीनं लग्नाचं अन्न उष्टावलं. हणमंता व्यवहारी माणूस, तो हळूच म्हणाला, की वरचं काढून टाकतो, खालचं चांगलंच आहे. ते ऐकून साळूनं डाव पुन्हा भरला, पुन्हा खाल्ला आणि या वेळी तळापर्यंत ढवळला. असं ती करतच राहिली. कोणी म्हणतात पाच डाव, कोणी म्हणतात अर्धी कढई. अर्धी कढई खाल्ली असती तर ही गोष्ट सांगायला वेगळी झाली असती, पण बोरटेंभीच्या माणसांना अर्धी कढईच आवडते.

नवरदेवाचा बाप पानावरून उठला. रंगराव पाटील पुढं आले आणि त्यांनी विचारलं, की बाई, हे तू का केलंस?

साळूनं पदरानं तोंड पुसलं. "भूक लागली व्हती," ती म्हणाली.

एवढंच. पाटलांनी घाणा बंद करायचा हुकूम दिला, बायका बोटं मोडू लागल्या, आणि भजनी मंडळींत बसलेल्या भिवाजीनं मान फिरवली. सगळ्या गावानं शिव्या दिल्या त्याचं साळूला काही वाटलं नाही. भिवाजीनं मान फिरवली, ते मात्र तिला सोसवलं नाही.

व्याह्यांची समजूत घालता घालता पाटलांच्या नाकी नऊ आले. शेवटी वऱ्हाडानं वरण, पुऱ्या आणि गुळावर भागवलं आणि रागारागानं गाड्या जुंपल्या. असं म्हणतात, की त्या संध्याकाळी ऐन वळणावर दरडीचा एक भला मोठा धोंडा वाटेत आला, आणि पुढच्या गाडीवानानं चाक दरीच्या काठावर असताना बैल जागच्या जागी रोखले. नवरी त्याच गाडीत होती.

इकडं साळू मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती. तिला कोणी हात लावला नाही, कोणी विचारलंही नाही. आणि मग ते सावकाश आलं. आधी हणमंताला आलं, कारण आचाऱ्यानं चव बघायच्या नावाखाली वाटीभर भाजी आधीच रिचवली होती. हणमंता मांडवाच्या एका बांबूपुढं हात जोडून उभा राहिला, त्याला मेव्हणा समजला आणि जुन्या भांडणाबद्दल त्याची रडत रडत माफी मागू लागला. लोक हसायला लागले, मग हसता हसता थांबले, आणि कढईकडं बघू लागले.

साळू डोळे मिटून पुटपुटत होती. भिवाजी काठी टेकत तिच्यापाशी आला. तो रागानंच आला होता.

"पाय लांब गेले," ती म्हणत होती. "पाय लई लांब गेले."

भिवाजी उभा राहिला. हे शब्द त्याचे होते. रोज रात्री झोप लागण्याआधी तो जे म्हणायचा, तेच तिच्या तोंडून येत होतं. त्यानं रिकामा बुधला उचलला, नाकाला लावला आणि मोतीगीरच्या देवळाचा वास त्यानं ओळखला. मग तो तिथंच जमिनीवर बसला, आणि सगळ्या गावादेखत रडला.

साळू झोपली ती किती दिवस झोपली, याचे वाद आजही होतात. असं म्हणतात, की ती झोपली होती तोवर त्यांचा बैल कोणी न जुंपता, कोणी न हाकता घाण्याभोवती फिरत राहिला, आणि ती उठली तेव्हा घाणा तेलानं भरून वाहत होता. करडई कोणी घातली, ते विचारायचं नाही.

पाटील दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्याच्या अंगणात आले. वाट चुकून नाही, मुद्दाम आले. भिवाजीनं त्यांना सगळं सांगितलं. साळूनं जे सांगायचं टाळण्यासाठी गावाच्या शिव्या खाल्ल्या, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं, दारात उभं राहून सांगितलं. भांग आपल्या पोटात गेली, रोज गेली, तिच्यावर आपण जगलो, असं म्हणाला. गळ्यातली माळ काढून त्यानं झोपलेल्या साळूच्या उशाशी ठेवली.

"बापाचा शबूद म्या पाळला न्हाई," तो म्हणाला. "हिनं माझा जीव पाळला. आता हिला कोन काय बोलंल, ते आदी मला बोलावं." आणि मग पाटलांना म्हणाला, "बुधल्याच्या तळाला चिकटून थोडं ऱ्हायलंय. तेवढं माझं हाय, फेकू देऊ नका."

पाटलांनी पागोटं काढून साळूच्या पायांशी ठेवलं, असं म्हणतात. ते ठेवलं असेल किंवा नसेल, पण घाणा त्याच दिवशी सुरू झाला एवढं खरं. भिवाजी पुढं कितीतरी वर्षं जगला. आपल्या ताटात काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तो ते विचारून, मागून घेऊन खायचा.

आता तो घाणा नाही. भांगेचं तेल बोरटेंभीत कोणी करत नाही. कायद्याला ते चालतही नाही. पण तिथं कोणाच्याही घरी लग्न असलं, की पंगत बसायच्या आधी तेल्याच्या घरची बाई बोलावून आणतात. नवरदेव पानावर बसलेला असतो, व्याही खोळंबलेले असतात, कोणाची हरकत नसते. ती मांडवात येते, भाजीचा डाव भरून सगळ्यांच्या आधी खाते आणि तोच उष्टा डाव कढईत बुडवते. मग घरातला वडीलधारा माणूस हात जोडून तिला विचारतो, की माय, का खाल्लंस?

"भूक लागली व्हती," ती म्हणते.

आणि मग ते उष्टं सगळं गाव जेवतं.