शेवटचा गार तांब्या

एका राज्यात न्हाण्याचा मोठा थाट होता. दर शुक्रवारी घरोघर घंगाळे घासली जात, शिकेकाई, रिठे, आवळकाठी उकळत ठेवली जाई. कढत पाण्यात गार पाण्याचे विसण घालायचे, हाताला सोसेल असे करायचे आणि मगच ते माणसाच्या डोक्यावर ओतायचे, ही तिथली रीत. विसणाशिवायचे निव्वळ गार पाणी त्या राज्यात एकाच दिवशी डोक्यावरून घेत. घरातले माणूस गेले, त्या दिवशी. म्हणून थट्टेतसुद्धा कोणी कोणाच्या डोक्यावर गार पाणी उडवत नसे.

राज्याचा राजा धर्मध्वज. त्याची राणी मुलीला जन्म देऊन गेली, तेव्हा राजाची विधवा बहीण कमळजा हिने सुतकाचे गार पाणी डोक्यावरून घेतले आणि ओल्या हातांनीच पोर उचलली. पोरीचे नाव केतकी. तेव्हापासून केतकीचे न्हाणे आत्याने दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही. इतकी वर्षे तिच्या उजव्या हाताने विसण घातले, की डोळे मिटले तरी तो हात बरोबर जागी थांबे. केतकीचे केस घोट्यापर्यंत पोचले. लोक केसांचे कौतुक करीत आणि आत्या आपल्या हाताकडे बघे.

राजवाड्याच्या खजिन्यात सोन्याची एक फणी होती. केतकीच्या आजोबांनी ती जटासिद्ध नावाच्या मांत्रिकाकडून लढाईत जिंकून आणली होती. मांत्रिक एवढेच म्हणाला होता, "न्या. वापरू नका." जी वस्तू वापरायची नाही ती घरात ठेवायची कशाला, हे एखाद्या व्यापाऱ्याने आजोबांना विचारायला हवे होते. पण राजांना असे विचारणारे भेटत नाहीत. फणी राहिली, आजोबा गेले, आणि एके दिवशी केतकीने ती केसांतून फिरवली. एकदाच.

केसांच्या टोकांना ठिणगी लागली. ज्वाळा नाही, चटका नाही. नुसती लाल ठिणगी, आणि ती बोटबोट वर चढू लागली. मागे राख राही. केस कापले तर ठिणगी दुप्पट वेगाने चढे, म्हणून कात्री लपवून ठेवली. घोट्यावरून पोटऱ्या, पोटऱ्यांवरून गुडघे. आत्याला जेवताना जळक्या केसांचा वास येई, देवापुढे बसली तरी तोच वास येई.

त्याच दिवसापासून राज्यातले पाणीही तापू लागले. विहिरींतून वाफ निघू लागली. भाताला आधण ठेवायची गरज उरली नाही. गार पाण्याची मडकी विकणारा एक कुंभार होता, हुशार माणूस. त्याने आरोळी बदलली, "पाणी गरम ठेवणारी मडकी!" मडकी खपली, पण संध्याकाळी त्याच्याच घरात प्यायला घोटभर पाणी नव्हते, आणि त्याची म्हातारी फुंकर घालघालून वाटी निववीत बसली होती. विसणाला गार पाणी मिळेना. शुक्रवार बंद पडला.

खजिन्याच्या दारावर तीन पिढ्या एक साळुंकी बसून होती. आत्या तिच्यापुढे पदर पसरून उभी राहिली.

"साळुंकीबाई, पोरीचं काय होणार?"

"ठिणगी भांगाला पोचली की पोर राख होईल," साळुंकी म्हणाली. "ऐक. केसाला दार असतं. गरम पाण्याने उघडतं, गार पाण्याने मिटतं. दार उघडं आहे म्हणून ठिणगी आत आहे. शिकेकाईने धू, गरम पाण्याने फेस काढ आणि शेवटी गार पाणी ओतून दार लावून घे. पाणी सूर्याने न पाहिलेलं हवं. जसं आलं तसंच डोक्यावर पडायला हवं. आणि जिने तिला पहिलं न्हाणं घातलं, तिनेच ते घालावं."

"किती पाणी लागेल?"

"एक तुंबा पुरे. पण तू तीन आण. माणसांचे हात मी ओळखते."

सूर्याने न पाहिलेले पाणी उत्तरेच्या डोंगराच्या पोटात होते. आत्या वाळक्या भोपळ्याचे तीन तुंबे खांद्याला अडकवून आणि उबेला निखाऱ्यांची आगटी हाती घेऊन एकटीच निघाली. गुहेच्या तोंडाशी जटासिद्धाची सावली बसली होती. मांत्रिक केव्हाच मेला होता, सावली मात्र उठली नव्हती.

"इथे ऊब दिली तर गारवा मिळतो," सावली म्हणाली. "पहिल्या तुंब्याला काय देतेस?"

आत्याने अंगावरची शाल दिली. दुसऱ्या तुंब्याला आगटीतले निखारे दिले.

"तिसऱ्याला?"

"माझ्याजवळ काही उरलं नाही, बाबा."

"केसांत काळा रंग आहे अजून."

"या वयात तो कोणाला दाखवायचाय? घे."

सावलीने फुंकर मारली. आत्याचे केस पांढरे झाले. तुंबे भरून मिळाले. इतके गार की धरलेली बोटे निळी पडली. ती वळली तेव्हा सावली हसली. "पाणी नेशील गं. डोक्यावर घालवणार नाही तुझ्याच्याने."

सगळ्या वाटेवर ते शब्द तिच्या पाठीशी चालत होते. ती घडीघडी तुंब्याला गाल लावून बघे. तुंबा गारच असे, पण पुढच्या वळणावर तिला पुन्हा लावावासा वाटे.

ती पोचली तेव्हा ठिणगी कमरेशी होती. राजा न्हाणीघराबाहेर येरझाऱ्या घालीत होता. बहिणीचे पांढरे केस बघून तो थबकला. "ताई, हे काय?"

"नंतर सांगते. घंगाळ भरलंय का?"

केतकी पाटावर बसली होती. आत्याने शिकेकाई लावली, चोळली. राखेचा काळा फेस वाहू लागला. गरम पाण्याने तो फेस काढला. मग पहिला तुंबा उचलला आणि सवयीने, जशी वीस वर्षे केली तशी, त्याची धार घंगाळातल्या कढत पाण्यात सोडली. हात बरोबर जागी थांबला. तांब्या भरून तिने केतकीच्या डोक्यावर ओतला.

चर्र झाले. ठिणगी कमरेवरून उडी मारून खांद्याशी आली.

"पाणी आणलंस डोंगरातून आणि घातलंस घंगाळात," खिडकीतून साळुंकी म्हणाली. "तो गारवा नव्हे बाई, ते विसण झालं."

आत्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने घंगाळ बाहेर न्यायला लावले. दुसरा तुंबा उचलला. समोर केतकीची मान, बारीक, लहानपणी होती तशीच. आत्याला ते दुसरे पाणी आठवले, राणी गेली त्या दिवसाचे. जिवंत पोरीच्या डोक्यावर ते घालायचे म्हणजे तोंडाने म्हणायचे की ही गेली. तिने तुंबा पदराखाली घेतला, पोटाशी धरला.

"आत्या, काय करतेस?"

"काही नाही. गारठा मोडतेय जरा."

तिने पाणी ओतले. या खेपेला आवाजही झाला नाही. ठिणगी मानेवर आली, कानांच्या पाळ्यांशी थबकली, आणि केतकीच्या तोंडाला पहिल्यांदाच चटका जाणवला. ती ओरडली नाही. तिने पाट घट्ट धरला.

"विसण नाही घातलं मी," आत्या खिडकीकडे बघून म्हणाली. "नुसता पोटाशी धरला."

"माया गरम असते, बाई," साळुंकी म्हणाली. "दार उघडंच राहिलं."

एक तुंबा उरला. बाहेर येरझाऱ्यांचा आवाज थांबला होता. राजा दाराला कान लावून उभा होता.

"आत्या," केतकी म्हणाली, "तू कोणासाठी ते पाणी घेतलं होतंस ते मला ठाऊक आहे. मी आई नाही. मी इथे बसलेय. घाल."

"हात ऐकत नाही गं."

"मग न ऐकणाऱ्याला बांधतात."

आत्याने दासीला हाक मारली आणि उजवा हात पदराने पाठीशी बांधून घेतला, गाठ पक्की मारायला लावली. उरला डावा हात. त्या राज्यात डाव्या हाताने कोणी कोणाला पाणीसुद्धा देत नसे. डाव्या हाताने आयुष्यात कधी विसण घातले नव्हते, कुठे थांबायचे त्याला ठाऊक नव्हते, पोर त्याने कधी न्हाऊ घातली नव्हती. तो नुसता हात होता.

तिने तुंबा केतकीच्या डोक्यावर धरला. डोळे मिटले नाहीत. उलटा केला.

पाणी जसे आले होते तसे पडले. केतकीचा श्वास अडकला. खांदे वर आले. कानांशी थबकलेली ठिणगी लुकलुकली आणि समईची वात चिमटीत विझावी तशी विझली. आत्याला वाटले, संपले. पोरीचा श्वास परत आला नाही, डाव्या हाताने घात केला.

मग दात वाजल्याचा आवाज आला.

"गार आहे गं, आत्या," केतकी म्हणाली. "काय गार आहे!"

कितीतरी दिवसांत त्या राज्यात कोणी तो शब्द उच्चारला नव्हता. दासी तो ऐकायला दारात गोळा झाल्या. अंगणातल्या विहिरीची वाफ विरली, मग पेठेतल्या, मग शिवारातल्या. कुंभाराने आरोळी पुन्हा बदलली. त्याच्या म्हातारीने भरल्या मडक्याला गाल लावला आणि तशीच बसून राहिली. खजिन्यातली फणी काळ्या लोखंडाची झाली आणि मोडून पडली. राखायला काही उरले नाही म्हणून साळुंकी उडून गेली.

केतकीचे केस कानाएवढे उरले होते, पण मिटलेले, चकचकीत, काळे. राजाने दवंडी पिटवली की यापुढे गार पाणी फक्त सुतकाचे नाही. शुक्रवारच्या न्हाण्यात शेवटचा तांब्या गार घ्यावा आणि केसाचे दार लावून घ्यावे. लोक आधी कचरले, मग दात वाजवीत हसले, मग त्यांना सवय झाली.

पुढच्या शुक्रवारी केतकीने आत्याला पाटावर बसवले. पांढऱ्या केसांना शिकेकाई लावली, फेस काढला आणि गार पाण्याचा तांब्या उचलला.

"घालू, आत्या?"

आत्याने मान खाली घातली, पदर सावरला, आणि मग हळूच म्हणाली, "माझ्या डोक्याला कसला शाप नाही गं. थोडं विसण घाल."

केतकीने थोडे घातले. तिचा हात बरोबर जागी थांबला. त्या राज्यातली घंगाळे अजून तशीच घासली जातात, आणि ज्याला जेवढा गारवा सोसतो तेवढा तो घेतो.